खाऱ्या पाण्यातलं कौल

आमच्या कोकणातल्या घराचं छप्पर दर उन्हाळ्यात शाकारलं जायचं. फुटकी कौलं बाजूला काढायची, धड असतील ती झाडून पुन्हा वर चढवायची. आम्हा मुलांकडे काम असायचं ते खालून कौलं हातोहात पुढे सरकवायचं. प्रत्येक कौल हातात आलं की त्याची पाठ समोर यायची आणि तिच्यावर उठवलेली रोमन अक्षरं दिसायची. कारखान्याचं नाव, गावाचं नाव, एखाद्यावर साल. शाळेत इंग्रजी सुरू होण्याआधी मी ती अक्षरं बोटाने गिरवली आहेत. मंगळूर हे गाव मला नकाशाच्या आधी कौलावर भेटलं.

पुढे कितीतरी वर्षांनी, गोव्यात डायव्हिंग शिकत असताना, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या कामाबद्दल वाचनात आलं. गोव्याच्या समुद्रात सेंट जॉर्ज रीफ नावाचा खडक आहे. तिथे तळाशी त्यांना भाजलेल्या मातीचा माल सापडला होता : कौलं, आढ्यावर बसवायची कौलं, खांबांचे गोल तुकडे, पानाफुलांची नक्षी असलेली खांबांची शीर्षं. आणि मालावर शिक्का होता, ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कुणाच्या तरी घरावर चढायला निघालेलं छप्पर वाटेतच बुडालं होतं. ते घर कुठलं, ते जहाज कोणाचं, त्यावर कोण होतं हे त्या शिक्क्यात नव्हतं, पण ज्या मातीखाली मी लहानाचा मोठा झालो तीच माती समुद्रातळी पडून होती. हे पुस्तक लिहायची सुरुवात त्या संध्याकाळी झाली.

त्या शिक्क्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली. १८६५ हे वाचून कुणालाही वाटेल की जहाज त्या वर्षी बुडालं. तसं नाही. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेबस्ट या मिशनऱ्याने मंगळुरात कौलांचा कारखाना उभा केला ते हे साल. पुढे ते कारखान्याची ओळख म्हणून मालावर उमटत राहिलं, जसं पेढीच्या पाटीवर ‘स्थापना’ लिहिलेलं असतं तसं. म्हणजे जहाज १८६५ च्या आधीचं नाही एवढंच त्यातून ठरतं. नंतरचं किती, हे मालाच्या घडणीवरून, कारखान्याच्या इतिहासावरून, शेजारी काय पडलं आहे त्यावरून ठरवावं लागतं. समुद्रातळाचं वाचन असं असतं. एक ओळ स्पष्ट दिसते, आणि घाई केली तर तीच ओळ चुकीची वाचली जाते.

आपल्याकडे या विषयाला अजून नीट शब्द बसलेला नाही. बोटीवर सगळे ‘रेक’ म्हणतात. जुन्या मराठीत तारू फुटतं, गलबत बुडतं, पण बुडाल्यानंतर तळाशी जे वर्षानुवर्षं राहतं त्याला नाव नाही. मी या पुस्तकात ‘बुडीत जहाज’ म्हटलं आहे, आणि हा शब्द मुद्दाम निवडला आहे. धरण झालं की आपण बुडीत गाव म्हणतो. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, आणि त्या भागातली माणसं आपल्या जुन्या घराची जोती शोधायला चिखलातून चालत जातात. तिथे आपलं चूलखंड होतं, तिथे गोठा होता, असं नातवंडांना दाखवतात. बुडीत गावाकडे कुणी खजिना म्हणून पाहत नाही. ते राहतं घर होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जहाजही राहतं घर असतं. खलाशी त्यात महिनोन्महिने जेवतात, झोपतात, आजारी पडतात, भांडतात. तरी बुडीत जहाज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोन्याची पेटी येते. हा गैरसमज मला या पुस्तकाच्या उंबऱ्यावरच उतरवून ठेवायचा आहे.

माल म्हणून पाहायचं तर आपल्याकडच्या बुडीत जहाजांत सोन्याहून बोलका माल आहे. गोव्याच्याच किनाऱ्यालगत सुंची रीफ आहे, उथळ आणि लाटांनी सतत घुसळलेला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या माणसांना तिथे हस्तिदंत मिळाले, पाणघोड्याचे दात मिळाले, लोखंडी तोफा, एका हातबंदुकीची नळी, घडलेले ग्रॅनाइटचे चिरे, चिनी मातीची निळी-पांढरी भांडी, आणि मर्तबान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साठवणीच्या मोठ्या रांजणांचे तुकडे. सतराव्या शतकातलं, पोर्तुगीज व्यापारातलं हे जहाज. आता या यादीकडे सावकाश पाहा. पाणघोडा आफ्रिकेखेरीज कुठे नाही. निळी-पांढरी भांडी चीनची. मर्तबान हे नाव ब्रह्मदेशातल्या बंदराचं, आणि आपण मराठीत लोणच्याच्या बरणीला अजून ‘मर्तबान’ म्हणतो. म्हणजे गोव्याच्या दारातल्या एका खडकावर अख्खा हिंदी महासागर सांडला होता.

यातली एकच बशी कुणी आधी उचलून नेली असती तर? दिवाणखान्याच्या कपाटात ती नुसती जुनी चिनी बशी झाली असती. पाणघोड्याच्या दाताशेजारी पडली होती म्हणून ती वाटेचा पुरावा झाली. वस्तूचा अर्थ तिच्या शेजाऱ्यांत असतो. पोथीतून एक पान काढून नेलं तर नेणाऱ्याला चार ओळी मिळतात आणि पोथी कायमची तुटते, तसं हे आहे. या विषयावर गेली काही वर्षं मी जे वाचलं, पाहिलं आणि (पुढे सांगणार आहे) जे चुकलो, त्या सगळ्याचं सार मला एवढंच सापडलं आहे की बुडीत जहाज हे वाचायचं असतं, आणि वाचायचं तर जागच्या जागी.

आपल्या किनाऱ्यावर तर ते हातभर अंतरावरूनच वाचावं लागतं. तांबड्या समुद्रातली, मालदीवची छायाचित्रं पाहून जो मालवणला किंवा वास्कोला येतो, तो पहिल्या दिवशी हिरमुसतो. तिकडे तीस मीटरवरून अख्खं जहाज दिसतं. इकडे मांडवी, जुवारी, कर्ली, गड अशा नद्या जांभ्या मुलखातली माती घेऊन येतात, उथळ तळ लाटांनी ढवळला जातो, आणि चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं. वाईट दिवशी स्वतःच्या हाताचा पंजा दिसला तरी पुरे. पावसाळ्यात तर सगळं बंदच. जून-जुलैची मासेमारीबंदी आणि डायव्हिंगची सुट्टी एकत्रच येते, आणि पाणी नारळी पौर्णिमेनंतरही लगेच निवळत नाही. ऑक्टोबरनंतर ते हळूहळू उघडतं, आणि मेच्या मध्यापर्यंत मिळतील तेवढे दिवस आपले.

मी या गढूळपणाची बाजू घेणार आहे. स्वच्छ पाण्यात डोळा एकदम सगळ्यावरून फिरतो आणि कुठेच थांबत नाही. आपल्या पाण्यात जहाज कधीच पूर्ण दिसत नाही. आधी पाण्याचा रंग थोडा गडद होतो. मग एक उभी कड येते, तिच्यावर कालवं चिकटलेली. कडेबरोबर सरकत गेलं की रिव्हेटांची ओळ लागते. ती ओळ वळते तिथे मन सांगतं, बहुतेक पुढची बाजू. मग वर येऊन दोघं-तिघं मिळून कागदावर चित्र काढतात, भांडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. ग्रँड आयलंडजवळचं ‘सुझीज रेक’ हे गोव्यात शिकणाऱ्या कित्येकांचं पहिलं बुडीत जहाज. माझंही तेच. त्याची पूर्ण आकृती माझ्या मनात उतरायला मला सात बुड्या लागल्या, आणि त्या आकृतीतला एकेक पत्रा मी अजून ओळखतो. स्वच्छ पाण्यात पाहिलेली मोठमोठी जहाजं तितकी लक्षात नाहीत.

खाली किती वेळ मिळतो याचा हिशेब सरळ आहे आणि तो प्रत्येकाने स्वतः मांडायला शिकलं पाहिजे. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. वर १, दहा मीटरवर २, पंधरावर अडीच, वीसवर ३. नेहमीच्या १२ लिटरच्या नळकांड्यात २०० बार दाबाने हवा भरली, तर ती साधारण २,४०० लिटर होते. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर, हात न लावता वर आणायचे. उरले १,८००. शांत माणसाला वर मिनिटाला २० लिटर पुरते असं धरलं, तर पंधरा मीटरवर ५० लिटर लागते. भागाकार केला की ३६ मिनिटं येतात. वाचनाला एवढाच वेळ. घाबरलेला, हातपाय मारणारा नवखा माणूस तेवढीच हवा पंधरा-वीस मिनिटांत संपवतो. सावकाश श्वास घेणारा पाऊण तास वाचत बसतो. या छंदात शांतपणाचा मोबदला असा थेट मिनिटांत मिळतो, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याच दाबामुळे श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा पहिला धडा. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि रोखलेल्या श्वासाने फुप्फुस फाटू शकतं, अगदी उथळ पाण्यातही. दुसरा धडा नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींत मुरतो, आणि झपाट्याने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये त्याची पहिली भरवशाची कोष्टकं मांडली. त्याआधी पाणबुडे सांधे आखडून मरत आणि किती सावकाश वर यायचं हे कुणाला नेमकं सांगता येत नसे. आज मनगटावरचं छोटं यंत्र तो हिशेब करतं. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, एवढं हौशी माणसाने पाळलं तरी बराच धोका टळतो. तीस मीटरखाली नायट्रोजनची झिंग चढू लागते. हौशी डायव्हिंगची हद्द चाळीस मीटर मानतात, पण आपल्या पाण्यात त्यातल्या अर्ध्या खोलीवरच पुरेसं वाचायला आहे.

बाकी धोक्यांची सविस्तर प्रकरणं पुढे आहेत. इथे एवढंच : जहाजाच्या आत जायचं नाही. वेगळं शिक्षण, दोरीचं रीळ, जोडीला हवेचा दुसरा साठा आणि परतीचा हिशेब यांशिवाय डोक्यावर पत्रा येऊ द्यायचा नाही. आत गेल्यावर पायातल्या फिनचा एक फटका बसला की वर्षानुवर्षं साचलेला गाळ उठतो, दार दिसेनासं होतं, आणि मग ३६ मिनिटांचा हिशेब चालत नाही.

कौलांच्या त्या खडकाजवळ मी पहिल्यांदा उतरलो तो दिवस मात्र मला सविस्तर सांगायचा आहे. पाण्यात उतरल्यावर सर्वांत आधी लाल रंग जातो. काही मीटरांतच तांबडं ते तपकिरी आणि मग राखाडी दिसू लागतं. मी खडकाच्या कडेने सरकत होतो, सगळं एकाच मळकट रंगाचं, दगड कुठला आणि घडवलेली वस्तू कुठली ते कळत नव्हतं. मग एका सरळ कडेवर नजर अडली. समुद्रात सरळ रेषा सहसा नसते. जवळ गेलो. मुखवट्याच्या काचेमुळे पाण्यात वस्तू खरीपेक्षा जवळ आणि मोठी वाटते, म्हणून हात दोनदा अपुरा पडला. बॅटरीचा झोत टाकला आणि क्षणात तो रंग परत आला, आमच्या छपराचा, भर उन्हात तापलेल्या कौलाचा तांबडा रंग. हाताच्या तळव्याएवढा तुकडा होता तो. उलटला, तर पाठीवर उठवलेली तीन अक्षरं : आय, एस, एस. ‘मिशन’ या शब्दातली मधली. रेग्युलेटर तोंडात असताना रडता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

तो तुकडा मी वर आणला. त्याची हकिकत शेवटी सांगतो.

बुडीत जहाजांची सर्वांत जुनी यादी कुठल्याही कार्यालयात नाही, ती मच्छीमारांच्या डोक्यात आहे. गाबीत, खारवी, कोळी, ज्यांची जाळी पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात पडत आली, त्यांना तळाचा उंचसखलपणा आपल्या अंगणासारखा पाठ असतो. जाळं फाटलं ती जागा कुणी विसरत नाही, कारण जाळ्याची किंमत घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. जीपीएस येण्याआधी या जागा खुणांनी लक्षात ठेवत : डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला बेटाचा माड आणि किल्ल्याचा बुरूज जुळले, की त्या दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. मालवणच्या एका म्हाताऱ्या गाबितांना मी एकदा एका जागेबद्दल विचारलं, तर ते होडीतून हात पसरून म्हणाले, “थंय जाळा घालूक नाय, झिला. खाली बोट आसा.” कुठली बोट, कधीची, त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही त्यांना तेवढंच सांगितलं होतं. पण जागा त्यांनी बोट दाखवून सांगितली.

त्यांना त्या जागेचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. वाळूच्या सपाट तळावर माशाला आसरा नसतो. तिथे लोखंडाचा किंवा लाकडाचा उंचवटा आला की आधी शेवाळ, मग कालवं, मृदू प्रवाळ, मग लहान मासे, मग त्यांच्या मागे गोबरा आणि तांबोशी, भेगांतून शेवंड. गळ टाकणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून डायव्हर आणि मच्छीमार एकाच जागेवर येतात आणि कधीकधी खटके उडतात. माझं मत मी मोकळेपणाने सांगतो : ती जागा आधी त्यांची आहे. त्यांनी राखलेल्या माहितीवर आपण आपली हौस भागवतो, तर होडी त्यांची घ्यावी, वाटाड्या त्यांच्यातला असावा, आणि त्यांच्या हंगामात मध्ये येऊ नये. मालवण-तारकर्लीत डायव्हिंगवर आज जी घरं चालतात त्यांत गाबितांची पुष्कळ घरं आहेत, याचा मला आनंद आहे. पण जत्रेसारख्या गर्दीच्या दिवसांत पर्यटकांना नळीला धरून एकामागून एक खाली नेताना प्रवाळावर पाय पडतात, तुटलेली फांदी फोटोसाठी हातात दिली जाते, हेही मी पाहिलं आहे आणि ते पाहताना जीव तुटला आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं ते प्रवाळ शिवाजी महाराजांच्या चिऱ्यांइतकंच जपण्याजोगं आहे.

काही बुडीत जहाजं मात्र या पुस्तकात मुद्दाम नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईच्या तोंडाशीच, काशाच्या खडकाजवळ उलटली. आषाढ संपत आला होता, सणाला घरी चाललेली माणसं होती, सहाशेंहून अधिक जण गेले. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. अलिबाग-पेण-उरणच्या गावांत त्या बोटीचं नाव अजून हळू आवाजात घेतात, हे मी कानांनी ऐकलं आहे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडालेली ‘आयएनएस खुकरी’ १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना घेऊन गेली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. या स्मशानभूमी आहेत. त्यांच्याबद्दल वाचावं, तिथे गेलेल्यांच्या घरच्यांचं ऐकावं, आणि वरून जाताना होडीचं इंजिन क्षणभर मंद करावं.

मुरगाव बंदरातल्या गोष्टीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगीज गोवा तटस्थ होता आणि तिथे जर्मन व्यापारी जहाजं अडकून पडली होती. त्यांतल्या ‘एरनफेल्स’वरून जर्मन पाणबुड्यांना गुप्त संदेश जात. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून मध्यमवयीन हौशी घोडदळी गृहस्थांची एक तुकडी एका गाळवाहू बोटीतून येऊन चालून गेली, आणि खलाशांनी जहाजं स्वतःच बुडवली. या प्रसंगावर सिनेमाही निघाला. सिनेमात न आलेला तपशील मला जास्त ओढ लावतो : बुडवण्याआधीची ती साडेतीन वर्षं, परक्या बंदरात, रोज तोच किनारा पाहत जहाजावर घर करून राहिलेली माणसं.

आणि मग आपलं आरमार. मराठी वाचक या पुस्तकात सगळ्यांत आधी तेच शोधणार, म्हणून सांगून टाकतो. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार एकाला एक बांधून उभं होतं. इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला तोफगोळ्याने आग लागली, आणि तिच्यापासून गुराबं, गलबतं पेटत गेली. एका दिवसात ते आरमार वाघोटन खाडीच्या पाण्यात गेलं. आज तिथे बुडी मारून गुराबाचा सांगाडा मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. उष्ण समुद्रात उघडं पडलेलं लाकूड पोखरणारा किडा काही वर्षांत फस्त करतो. गाळाखाली गाडलं गेलं तेवढंच वाचतं, आणि गाळाखालचं काढायला शास्त्र लागतं, हौस नव्हे. पण विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या दोन्ही ठिकाणी दगडी नांगर मिळाले आहेत. लाकूड गेलं, दोर गेले, माणसं गेली, आणि जहाज थोपवून धरणारा दगड तेवढा राहिला. विजयदुर्गाजवळ गिर्याच्या बाजूला मराठ्यांची गोदी आहे, कोरडी, पायी जाऊन पाहता येते. पोहता न येणाऱ्या वाचकाने सुरुवात तिथून करावी.

बुडीत जहाजाची नवी गोष्टही आपल्याकडे सुरू झाली आहे. ‘आयएनएस गुलदार’ ही पोलंडमध्ये बांधलेली, किनाऱ्यावर रणगाडे उतरवणारी युद्धनौका १९८५ मध्ये नौदलात आली, २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झाली, आणि २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली गेली, ती निवतीच्या खडकाजवळ समुद्रतळी ठेवून तिथे कृत्रिम प्रवाळ आणि पाण्याखालचं संग्रहालय उभं करण्यासाठी. अमेरिकेत २००६ मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ अशीच तळाशी नेली होती. अशा जहाजाचं तेल, तारा, रंगातली विषं आधी काढावी लागतात, माणूस अडकेल अशी दारं कापून मोकळी करावी लागतात. हे काम काटेकोर झालं तर मी या कल्पनेच्या पूर्ण बाजूने आहे. ज्या जहाजावर कुणी बुडून मेलं नाही, ज्याच्या पोटात इतिहासाचं एकही पान सैल पडलेलं नाही, तिथे नवख्याने शिकावं, चुकावं, गाळ उडवावा. सुंची रीफवर चुकायची मुभा नाही.

पुस्तकाची रचना थोडक्यात. पहिल्या भागात शरीर, हवा आणि साधनं आहेत. दुसऱ्यात विजयदुर्गापासून मुरगावपर्यंतचा समुद्र, भरती-ओहोटी, वारे, पाण्याचे दिवस. तिसरा भाग सर्वांत मोठा आहे आणि त्यात लोखंड, लाकूड, माती, काच पाण्याखाली कशी बदलतात आणि त्यावरून काय वाचता येतं ते आहे. बुडीत जागांचे नेमके अक्षांश-रेखांश मी छापलेले नाहीत. ज्याला खरोखर जायचं आहे तो तिथल्या माणसांना विचारेल, आणि विचारताना त्याची ओळख होईल. कायद्याचं प्रकरणही वाचावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि ती पाण्यात मिळाली म्हणून मिळेल त्याची होत नाही.

आता त्या तुकड्याबद्दल. मला वाटलं होतं की मी त्याला वाचवलं. घरी आणून, पुसून, टेबलावर ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. पहिल्या हिवाळ्यात त्याच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं, ती पुसली. पावसाळ्यात ती आपोआप गेली. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा आली, आणि या वेळी पुसताना फडक्याला तांबडी भुकटी लागली. ती बुरशी नव्हती. दीर्घकाळ समुद्रात राहिलेल्या मातीच्या अंगाअंगात मीठ मुरलेलं असतं. पाण्यात ते विरघळून गप्प असतं. हवेत कोरडं पडलं की त्याचे स्फटिक होतात आणि आतून मातीला ढकलतात. पावसाळी दमटपणात ते पुन्हा विरघळतं, हिवाळ्यात पुन्हा फुलतं. दर वर्षी एकदा, आमच्या छपराच्या शाकारणीसारखं, पण उलट. समुद्राने इतकी वर्षं जे टिकवलं ते माझ्या टेबलाने तीन वर्षांत खाल्लं. आधी ‘आय’ गेला. मग शेवटच्या ‘एस’चं खालचं वळण.

परत नेऊन ठेवावा, तर कुठे? त्या दिवशी मी अक्षरं पाहिली, त्याच्या शेजारी काय होतं ते पाहिलं नाही. कुठल्या कपारीतून उचलला, कोणत्या दिशेला पडला होता, वर माल होता की खाली, यातलं काही मला सांगता येत नाही. मी तो जिथून आणला ती जागा आता माझ्यापुरती बुडाली आहे. पुरातत्त्वाच्या एका अभ्यासकाला मी सगळं सांगितलं. त्यांनी रागावण्याऐवजी उपाय सांगितला : गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मीठ हळूहळू बाहेर येईल. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा, मीठ असेल तर पांढरट धुकं उठतं. पाणी निर्मळ राहिलं की मीठ संपलं. त्यानंतर तुकडा संस्थेकडे द्यायचा, ‘जागा अज्ञात’ अशी चिठ्ठी लावून.

आज रविवार, पाणी बदलायचा दिवस. बरणी खिडकीत आहे, तळाशी तांबडा तुकडा, मधला ‘एस’ अजून बोटाला लागतो. सकाळी जुनं पाणी वाटीत काढून थेंब टाकला. पांढरं आलं, गेल्या आठवड्यापेक्षा फिकट, पण आलं.